कांबळे सरांकडे मी काय मागितलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. तुला सांगतोय, पण एक अट आहे — मध्येच "जाऊ दे रे, होतं असं" म्हणायचं नाही. तसं म्हणणारी माणसं मला आता सहन होत नाहीत. एकेकाळी अशा माणसांनी हॉल भरला होता आणि सगळी माझ्या बाजूची होती.

मी मुलुंड पूर्वेला राहतो. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करतो, वीसेक वर्षं झाली. बायको बँकेत. एकच मुलगा, सोहम. आता कॉलेजात आहे, पण मी सांगतोय तेव्हा नववीत होता. घरापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या मराठी शाळेत.

तिथले मुख्याध्यापक म्हणजे कांबळे सर. मूळचे लातूरकडचे. सकाळी फाटकाशी उभे राहायचे, येणाऱ्या प्रत्येक पोराला नावानं हाक मारायचे. आवाज कधी चढायचा नाही. आणि तेच आम्हा पालकांना खुपायचं. आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यात रोज तेच — शाळेत शिस्त राहिली नाही, पोरं वर्गात मोबाइल काढतात, हेडसर फार मऊ. मीही लिहायचो. आमच्या वेळी मास्तर नुसते खाकरले तरी वर्ग गप्प व्हायचा, वगैरे. एकानं एकदा लिहिलं, "कोट्यातून वर आलेल्यांकडून काय अपेक्षा ठेवणार?" वर हसण्याची चिन्हं. मी ते वाचलं आणि पुढे सरकलो. हाही गुन्हाच. पण आज सांगायचा तो दुसरा.

सोहमनं आणि त्याच्या दोन मित्रांनी पाचवीतल्या एका पोराला संडासात कोंडलं. अख्खी मधली सुट्टी. शिपायानं कडी काढली तेव्हा पोराचा रडून रडून आवाज बसला होता, चड्डी ओली होती. मला शाळेत बोलावलं. कांबळे सर म्हणाले, सोहमनं महिनाभर रोज मधल्या सुट्टीत त्या मुलाशेजारी बसून डबा खायचा. बस. मी मनात म्हटलं, ही शिक्षा? डबा खायचा?

त्या संध्याकाळी घरी मी सोहमवर हात उगारला.

त्यानं माझं मनगट धरलं. हवेतच. जोरात नाही रे — जोरात धरलं असतं तर बरं झालं असतं. दार अडकवावं इतक्या सहज धरलं आणि म्हणाला, "राहू दे ना, बाबा." रागसुद्धा नव्हता चेहऱ्यावर. तोवर तो माझ्यापेक्षा दोन बोटं उंच झाला होता. मग त्यानं हात सोडला, कानात इयरफोन घातले आणि पलंगावर आडवा झाला. बायको स्वयंपाकघरात होती, तिला काही कळलं नाही. मी कळू दिलं नाही.

त्या दिवसापासून मला माझ्या मुलाची भीती वाटायला लागली. तुला खोटं वाटतंय? तो जेवून उठला की मग मी पानावर बसायचो. तो हॉलमध्ये टीव्ही बघत असला तर मी काहीतरी काम काढून खाली सोसायटीत उभा राहायचो. चौदा वर्षांचं पोर! त्यानं पुन्हा काहीही केलं नव्हतं. पण मी त्याला पाण्याची बाटली भरून ठेव असं सांगायलाही घाबरायचो. नाही ऐकलं तर? मग मी काय करणार होतो?

मग मी कांबळे सरांकडे गेलो.

एकदा नाही, तीनदा गेलो. दुपारी, शाळा सुटल्यावर, लॅबमधून मधेच निघून. पहिल्यांदा केबिनचं दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "सर, त्याला एकदा चांगली लगावा. चारचौघांत. मी बाप सांगतोय, माझी परवानगी आहे."

ते म्हणाले, "अहो, मी हात उचलत नाही. अठ्ठावीस वर्षांत नाही उचलला. कायद्यात बसत नाही, आणि मला पटतही नाही."

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी धमकी दिली. म्हटलं, तुमच्याच्यानं होत नसेल तर खुर्ची सोडा. मी संस्थेत जाईन, मुलाचा दाखला काढीन, माझ्यामागे आणखी दहा जण काढतील. मराठी शाळा, पट आधीच घसरलेला, तुकड्या बंद पडत चाललेल्या — दहा दाखले म्हणजे काय, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी ते नाहीच म्हणाले.

तिसऱ्यांदा मी रडलो.

त्यांच्या टेबलासमोर बसून, पन्नाशीला टेकलेला माणूस, हुंदके देऊन. मनगटाचं सगळं सांगितलं. म्हटलं, "सर, मला त्याची भीती वाटते हो. घरात त्याला धाक उरला नाही. तुम्हीच काय ते करा." ते उठले, मला पाणी दिलं. शेवटी इतकंच म्हणाले, "बघतो मी."

मी घरी आलो. कितीतरी दिवसांनी मला शांत झोप लागली.

आठवड्याभरात ते घडलं. सोहमनं त्या पाचवीतल्या पोरासोबत बसायचं सोडून दिलं होतं. कांबळे सर मैदानात त्याला समजवायला गेले. सगळी पोरं गोळा झालेली. सोहम म्हणाला, "नाही बसणार. मारा ना. मारून दाखवा."

त्यांनी मारलं. एकच. पण सणसणीत.

फाटकाबाहेर एक आई मुलीला न्यायला थांबली होती. तिच्या मोबाइलमध्ये ते सगळं आलं. शाळा सुटायच्या आत ग्रुपवर होतं. मी ते लॅबच्या मागच्या खोलीत पाहिलं, आणि मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? बरं झालं. हेच वाटलं. पुन्हा लावून पाहिलं.

आणि मग मेसेज यायला लागले. कालपर्यंत ज्यांना हेडसर मऊ वाटत होते त्यांनाच आता ते राक्षस वाटत होते. पोरांना जनावरासारखं मारतात. हाकला असल्यांना. सोहमचे बाबा, तुम्ही गप्प बसू नका, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. एकालाही पाचवीतल्या पोराची आठवण नव्हती. भंपक माणसं! — पण त्यांना निदान ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी काय लिहिलं? "धन्यवाद. न्याय मिळालाच पाहिजे."

शनिवारी पालक सभा झाली. शाळेचा हॉल भरलेला, स्टेजवर संस्थेचे अध्यक्ष, एका कडेला कांबळे सर. सोहम माझ्या शेजारच्या खुर्चीत. माझ्या हातात माइक आला.

मी म्हणू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "आम्ही घरात या मुलाला कधी बोटसुद्धा लावलेलं नाही. आणि यांनी दोनशे पोरांसमोर त्याच्या कानाखाली मारली. असा माणूस आमच्या मुलांचा मुख्याध्यापक कसा?"

टाळ्या पडल्या. हो, टाळ्या.

अध्यक्षांनी विचारलं, "कांबळे सर, तुम्हाला काही सांगायचंय?" ते उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी सोहमकडे पाहिलं. म्हणाले, "हात मी उचलला. चूक माझी आहे." आणि बसले.

त्यांनी माझं नाव का घेतलं नाही? मला ठाऊक आहे. पोराच्या देखत बापाचं ते रडणं त्यांना बाहेर काढायचं नव्हतं. मी त्यांना उघड्यावर टाकलं आणि ते मला झाकत होते. आणि ते झाकताहेत हे त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं होतं. माइक तेव्हाही माझ्याच हातात होता.

त्यांना रजेवर पाठवलं. चौकशी बसली. ती संपायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. निरोप समारंभ झाला नाही.

सभेहून रिक्षानं परतताना सोहमनं माझ्या खांद्यावर हात टाकला. "बाबा, भारी बोललास यार," म्हणाला. माझी भीती तिथेच गेली. त्या दिवसापासून आमचं छान जमतं. एकत्र जेवतो, एकत्र मॅच बघतो. लोक म्हणतात, काय मस्त मैत्री आहे बापलेकाची.

तीन वर्षांनी कांबळे सर आमच्या लॅबमध्ये आले. सकाळी सातला, उपाशीपोटी रक्त द्यायला. कागदावरचं नाव वाचून मी मान वर केली तोवर ते खुर्चीत बसले होते. बाही वर केलेली. खोलीत आम्ही दोघंच.

"सोहम कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे. बारावीला आहे."

"घरात नीट वागतो ना आता?"

पाहिलंस? त्यांच्या लक्षात होतं. माझी भीती त्यांच्या लक्षात होती, आणि त्यांना तिची काळजी होती. मी दंडाला रबरी पट्टा बांधत होतो. बाहेर कुणी ऐकायला नव्हतं. ना ग्रुप, ना अध्यक्ष, ना सोहम. आता कुणाची भीती होती मला?

मी म्हटलं, "मूठ आवळा."

त्यांनी आवळली. मी रक्त काढलं, कापूस दाबला, रिपोर्ट संध्याकाळी सहानंतर मिळेल म्हणून सांगितलं. संध्याकाळी मी पाचलाच निघालो.

सोहम ही गोष्ट मित्रांना सांगतो. माझ्या बाबानं एका हेडमास्तरला कसं घालवलं. फार रंगवून सांगतो, माझ्या भाषणाची नक्कल करतो, सगळे हसतात, मग वळून माझ्याकडे बघतात. मागच्या रविवारी चार मित्र घरी जेवायला आले होते. त्यानं पुन्हा सांगितली. मध्ये एक वाक्य विसरला तेव्हा मला विचारलं, "बाबा, तू पुढे काय म्हणाला होतास?"

मी ते वाक्य सांगितलं.