चिठ्ठ्या लावलेले रिकामे कप्पे

लिहिण्याचा अधिकार नसताना लिहितो आहे, क्षमा असावी. आमच्या विद्यापीठात पीएच.डी.चा अभ्यासक्रम प्रस्तावित आहे आणि निवृत्तीनंतर मी त्याच्याकडे डोळे लावून बसलो आहे. काल ग्रंथालयात गेलो. संशोधन-नियतकालिकांच्या कप्प्यांवर नावांच्या चिठ्ठ्या होत्या. आत एकही अंक नव्हता. ग्रंथपालबाई ते रिकामे कप्पे फडक्याने पुसत होत्या.

“अंक कधी येतील?” मी चाचरत विचारले.

“अभ्यासक्रमाला मंजुरी मिळाली की.”

“आणि मंजुरी?”

“अंक आले की, काका!” त्या हसल्या. “तोवर धूळ तरी बसू नये.”

मला हसता आले नाही. एकसष्टावे वर्ष सरत आले आहे. शिकण्याच्या इच्छेची चिठ्ठी लावलेला एक कप्पा मीही मनात रोज पुसतो आहे. वाचकहो, तो आणखी किती दिवस पुसावा?