मान वर!

सिमडेग्याच्या आसपास जी पोरगी कुठंच टिकत नाही, ती शेवटी बेनेदिक्ता कुल्लूच्या अंगणात येते. शाळेनं हात टेकलेल्या, घरच्यांच्या नाकी नऊ आणलेल्या अशा पोरींना दीदी भात कापून झालेल्या शेतात हॉकी शिकवते. बाजाराच्या दिवशी धुसके तळून विकायचे आणि बाकीचे दिवस पोरींवर ओरडायचं, हा तिचा संसार. तरुणपणी ती स्वतःच मोठी खेळाडू व्हायची होती, पण गुडघा गेला. त्याचं ती फारसं मनाला लावून घेत नाही. गळा शाबूत आहे, तेवढं तिला पुरतं.

अस्रिता सोरेंगला मात्र तिची काकी मोनिका दंडाला धरूनच घेऊन आली.

"नववीत नापास, दीदी! वर शाळेच्या टीममधून काढलं. का, तर स्वतःच्याच टीममधल्या प्रिस्काच्या नडगीवर स्टिक हाणली!"

"चेंडू माझा होता," अस्रिता पुटपुटली.

"सगळंच तुझं! आईबाप गेले तेव्हापासून खाऊ घालतेय. माझ्या चुलीवर अजून किती दिवस? नाताळ झाला की हिची आत्या नेतेय दिल्लीला, भांडी घासायला."

दिल्लीला गेलेल्या पोरी दीदीनं पाहिल्या होत्या. काही परत आल्या, काहींचा नुसता फोन आला, मग तोही बंद झाला.

"नाताळाआधी आपली खस्सीची मॅच आहे, जिंकेल त्याला बोकड," ती म्हणाली. "हॉकी हॉस्टेलची मॅडम पोरी निवडायला येणार. तोवर सोड माझ्याकडे. नाही निवडली तर खुशाल ने."

पोरगी दणकट होती आणि वाऱ्यासारखी पळायची. पण चेंडू मिळाला की मान खाली, आणि मग जगात दुसरं कुणी नाहीच. "मान वर!" ओरडून ओरडून दीदीचा शाबूत गळाही बसला. शेवटी तिनं अस्रिताच्या स्वाधीन आपली बदकं केली.

"स्टिकवर चेंडू खेळवत बदकं तळ्यावर न्यायची. एकही भरकटता कामा नये."

"मी काय बदकं राखायला आलेय?"

"छे गं! बदकंच तुला राखायला आलीत."

पहिल्याच दिवशी अस्रिता चेंडूमागे धावली आणि बदकांची दाणादाण उडाली. चर्चचे प्रचारक इसिदोर बांधावरून ओरडले, "बेनेदिक्ता, तुझी टीम माझ्या मोहरीत खेळतेय!" सगळा गाव खो खो हसला. अस्रितानं स्टिक आपटली आणि रडत रडत एकेक बदक गोळा केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग एका सकाळी तिचं ती म्हणाली, "दीदी, ते लंगडं आहे ना, त्याला पुढं जाऊ दिलं की बाकीची मागोमाग येतात. पण सारखं बघावं लागतं, कोण कुठंय."

दीदी गुपचूप धुसक्याचं पीठ ढवळत राहिली. आतून तिला उड्या माराव्याशा वाटत होत्या.

फायनलला अख्खा गाव बांधावर लोटला होता. बक्षिसाचा खस्सी झेंडूची माळ घालून खुंटाला उभा होता आणि तीच माळ खात होता. बरोबरी सुटेना. शेवटी शेवटी अस्रिताला चेंडू मिळाला आणि तिघीजणी तिच्यावर तुटून पडल्या. दीदीनं ओरडायला तोंड उघडलं, पण पोरीची मान आधीच वर होती. पलीकडे प्रिस्का एकटी उभी होती, तीच नडगीवाली; गावाच्या टीममध्ये दोघी पुन्हा एकत्र आल्या होत्या. अस्रितानं अलगद चेंडू तिच्याकडे सोडला. गोल!

सगळ्यांनी प्रिस्काला खांद्यावर घेतलं. अस्रिता बाजूलाच राहिली, आणि दीदीला वाटलं, झालं! आता मॅडम नाव लिहिणार ते प्रिस्काचं.

मॅडम मात्र सरळ अस्रितापुढे येऊन थांबल्या. "मान वर ठेवून खेळायला कुणी शिकवलं तुला?"

"बदकांनी."

"आणि मी काय इतके दिवस भजनं म्हणत होते?" दीदी करवादली.

मॅडम हसल्या. "नव्या वर्षात हॉस्टेलला ये."

संध्याकाळी खस्सी शिजला. पंगतीत मोनिका काकी वाढत होती. अस्रितापाशी येऊन तिनं काळजाचा तुकडा शोधून तिच्या पानावर ठेवला.

"आत्याला कळवलंय, येऊ नकोस म्हणून," ती घुश्शातच म्हणाली. "आणि सुट्टीत इथंच यायचं, माझ्या चुलीवर. दुसरीकडे गेलीस तर तंगडं मोडीन."

अस्रितानं डोळे लपवायला चटकन मान खाली घातली.

"मान वर गं!" पंगतीच्या दुसऱ्या टोकावरून दीदी ओरडली.