दुकानाच्या नावाची फावडी

माझे पप्पा हार्डवेअरच्या दुकानात जात ते खरेदीपेक्षा वाद घालायला. वाद माझ्याशी, आणि विषय ठरलेला. दुकानं स्वतःच्या नावाचा शिक्का मारून जी स्वस्तातली हत्यारं विकतात, त्यांना आमच्या घरात दुकानछाप म्हणत. एखादी पक्कड किंवा पाना दुकानछाप घ्यायचा की नावाजलेल्या कंपनीचा, यावर आम्ही बापलेक कॅनडातल्या ब्रॅम्पटन शहरातल्या त्या दुकानात, मांडणीच्या लांबलचक रांगांमध्ये रविवारची सकाळ घालवत असू. आई गाडीत बसून शेंगदाणे खायची आणि आमची कीव करायची.

मी फार्मसीत काम करते. दुकानछाप गोळी आणि कंपनीची गोळी, आतलं औषध तेच, हे गिऱ्हाइकांना पटवण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे माझं मत ठाम होतं, नुसत्या नावासाठी जास्त पैसे मोजणं हा शुद्ध मूर्खपणा. पप्पा म्हणायचे, "गोळी मोडली तर अर्धी अर्धी घेतात. पाना मोडला तर बोटं सोलतात." मी त्यांना वेष्टनावरची आजन्म हमी दाखवली की चष्मा कपाळावर चढवून विचारत, "लाइफटाइम म्हणजे कुणाची लाइफ, माझी की पान्याची? ते लिहिलंय का कुठे?"

त्यांची कसोटी सोपी होती. हत्यार कितीदा वापरणार, हे ते विचारत नसत. ते विचारत, "हे मोडेल तेव्हा तू कुठे असशील?" बेसमेंटमध्ये खुंटी ठोकताना हातोडी मोडली तर चहा प्यायचा आणि दुसरी आणायची, म्हणून हातोडी दुकानछाप. रंगाचे डबे उघडायचा स्क्रू ड्रायव्हर दुकानछाप. पण गाडीचा टायर बदलायचा पाना हायवेच्या कडेला, बर्फाच्या वाऱ्यात मोडू शकतो, म्हणून तो चांगल्यातला. गाडी उचलायच्या जॅकच्या बाबतीत तर ते ऐकूनच घेत नसत. जे काम थांबू शकत नाही, त्याला स्वस्त हत्यार लावायचं नाही, एवढाच त्यांचा नियम. मला तो मनातून पटत होता. तोंडावर मी कधी कबूल केलं नाही, कारण मग रविवारी करायचं काय?

गेल्या जानेवारीत एका गुरुवारी पहाटे पप्पा झोपेतच गेले.

आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. घरात मराठी, प्रार्थनेत हिब्रू, आणि टोरोंटोच्या आसपास आमची मोजकीच घरं. आमच्यात माणूस गेला की उशीर करत नाहीत. त्यात शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो आणि शब्बाथला दफन नाही. म्हणजे शुक्रवारी दुपारी माती द्यायची, आणि जानेवारीतल्या कॅनडात दुपार ती केवढीशी.

दफनभूमीच्या ऑफिसातल्या बाईंनी फोनवर फार मऊ आवाजात सांगितलं, की घरच्यांनी मूठमूठ माती घालावी, हिवाळ्यात बाकीचं आमचं मशीन करतं. मी हे आईला सांगितलं. ती पप्पांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती. म्हणाली, "ह्यांच्या अंगावर मशीन नको. माती आपल्या माणसांनी द्यायची."

"आई, जमीन दगडासारखी असते आता. लोक दमतील. ऊन गेलं तर मशीनच लावावं लागेल."

"दमू देत," ती म्हणाली. त्यानंतर तिने दिवसभर दुसरं काही मागितलं नाही, जेवणही नाही.

आमच्याकडे प्रार्थना चालवतात त्यांना हज्जान म्हणतात. आमचे हज्जानकाका पप्पांचे जुने मित्र. त्यांनी ऑफिसशी बोलून परवानगी मिळवली. ऑफिसची अट एकच होती. सूर्य झाडांपर्यंत उतरला की उरलेली कबर मशीन भरणार. तिथे फावडी होती दोनच, म्हणून काकांनी समाजाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "उद्या मातीला येताना सर्वांनी कृपया शोव्हल आणावे." मी तो वाचला, हात जोडलेलं चिन्ह टाकलं आणि पुढे गेले. डोकं ठिकाणावर नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी त्याच दुकानात गेले. पप्पांच्या बेसमेंटमध्ये भिंतभर हत्यारं होती, पण फावडं नव्हतं. त्यांची बाग म्हणजे घरामागच्या डेकवरच्या चार कुंड्या. आपल्या घरचं एक तरी फावडं असावं एवढंच मनात होतं. दारातच बर्फ काढायच्या शोव्हलचा रंगीत ढीग होता. मातीचं फावडं मागे, बांधकामाच्या सामानात, दोनच प्रकारचं मिळालं. एक नावाजलेल्या कंपनीचं, जाड पात्याचं, हातात धरताच विश्वास वाटावा असं. दुसरं दुकानछाप, हलकं, पात्याचा पत्रा पातळ, दांडा दोन रिव्हेटांवर बसवलेला. एका चांगल्याच्या किमतीत दुकानछाप चार येत होती.

पप्पांच्या नियमात शंकेला जागाच नव्हती. हे काम थांबू शकत नाही. मी चांगलं फावडं उचललं आणि काउंटरकडे निघाले. अर्ध्या वाटेवर माझ्या डोळ्यांसमोर दुपार उभी राहिली. एका माणसाच्या हातात उत्तम फावडं, तो एकटा खपतोय, बाकी सगळे खिशात हात घालून रांगेत उभे, आणि पलीकडे मशीनवाला घड्याळ बघतोय. मी परत फिरले. ते फावडं जागेवर ठेवलं आणि दुकानछाप चार घेतली. रांगेत उभी असताना मला पप्पांचा राग आला. आयुष्यभर वाद घातला आणि नेमकं आज उत्तर द्यायला नाहीत! मग रडू आलं. काउंटरवरच्या मुलीने मला न विचारता कागदी रुमालांची पेटी पुढे सरकवली.

दुपारी दफनभूमीत गाड्या लागल्या, आणि प्रत्येक डिकीतून बर्फाचं शोव्हल निघालं. निळं, लाल, पिवळं, सगळं प्लास्टिक. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या इथल्या मराठीत शोव्हल करणे म्हणजे बर्फ काढणे, दुसरा अर्थच नाही. माती काढायचं ते फावडं. काकांनी शोव्हल लिहिलं, लोकांनी शोव्हल आणलं. काकांनी त्या रंगीत रांगेकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, ड्राइव्हवे क्लिअर करायला बोलावलंय का तुम्हाला?" कुणीतरी हसलं.

आईला पाहून काका काहीतरी बोलणार होते. गावाकडे आमच्या बायका दफनाला जात नसत. पण आई शवपेटीमागून चालत थेट कबरीपर्यंत गेली, आणि काकांनी सरकून तिला जागा दिली.

पहिली माती फावडं उलटं धरून घालायची, म्हणजे थोडीच बसते. जाणाऱ्याला निरोप द्यायची आपल्याला घाई नाही, हे त्यातून दाखवायचं. आम्ही तशी घातली. फावडं हातोहात द्यायचं नाही, मातीत रोवायचं आणि पुढच्याने उचलायचं. पण कबरीशेजारी फळ्यांवर मातीचा ढीग रचला होता, त्याचा वरचा थर असा गोठलेला की फावडं रुतेना, आडवं पडे. प्रत्येकजण वाकून ते उचलत होता. मोठी ढेकळं पेटीवर पडत तेव्हा आई डोळे मिटत होती.

सहा फावडी एकदम चालू होती, तरी कबर अर्धी रिकामी दिसे. सूर्य उतरू लागला. मशीनवाला जवळ आला, टोपी काढून काकांशी हळू आवाजात काहीतरी बोलला. काकांनी आईकडे पाहिलं. आईने फक्त मान हलवली, नाही. तेवढ्यात माझ्या हातातल्या फावड्याचा दांडा पात्यातून सुटला. रिव्हेट गेली. मी उरलेला दांडा बाजूला टाकला, तोवर बाकीची पाच चालूच होती, काम क्षणभरही अडलं नाही. "बघितलंत?" असं म्हणायला मी वळले. ज्यांना म्हणायचं होतं, ते समोर खाली होते. त्या दिवसातलं सगळ्यात कठीण काय, असं कुणी विचारलं तर मी तो क्षण सांगेन.

वरचा गोठलेला थर फुटला आणि आत मोकळी, भुसभुशीत माती लागली. फळ्यांवर रचलेली ती माती फावड्याफावड्याने टाकायची तर अंधार झाला असता. तेव्हा निळं शोव्हल घेऊन उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या आत्याने ते ढिगाला लावलं आणि बर्फ ढकलतात तशी माती पुढे ढकलली. एका ढकलण्यात फावड्याच्या पाचपट माती आत गेली. मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. पुढे लोखंडाची फावडी थर फोडत होती आणि मागून प्लास्टिकची रांग ढकलत होती. दोन-तीन शोव्हलच्या कडा तडकल्या, पण कोणी थांबलं नाही. सूर्य झाडांना टेकला तेव्हा कबर भरून वर उंचवटा झाला होता. मशीनवाल्याने मशीन मातीला न लावताच मागे नेऊन उभं केलं. आईने हातमोजे काढले, गुडघ्यांवर बसली आणि उघड्या तळव्यांनी वरची माती सारखी केली. बाळाच्या अंगावरचं पांघरूण करावं तशी. काकांनी कद्दीश म्हटलं, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना.

दफनभूमीतून निघताना फाटकाशी हात धुवायचे आणि पुसायचे नाहीत, अशी आमची रीत. तिथला नळ हिवाळ्यात बंद असतो, म्हणून मी घरून बाटल्या भरून आणल्या होत्या. एकेकाच्या हातावर पाणी घालत गेले आणि लोक घाईने गाड्यांकडे वळले, शब्बाथ लागायला जेमतेम वेळ होता. शेवटी आई आली. तिच्या बोटांच्या पेरांत, नखांत, अंगठीच्या कडेला माती होती. मी बाटली कलती केली, तशी तिने हात मागे घेतले.

"आई, चल. सूर्य चालला बघ."

"थांब गं," ती म्हणाली. "हे धुतलं की ते गेले."

मी बाटलीचं झाकण लावलं.