चुलीवर चढलेली देग

नसीबाला आमच्या गावात कुणी सरळ बाई म्हणत नाही, आणि मला ते फार आवडतं. सरळ बायांचं इथे काय होतं ते मी लग्न होऊन आल्यापासून बघतेय. नसीबा माझ्या भिंतीला भिंत लावून राहते. मोठ्या वादळात दोघींच्या घरांचे पत्रे उडाले. मी कपाळाला हात लावून बसले. ती खाडीच्या चिखलात उतरली, सापडले तेवढे पत्रे ओढून आणले आणि वर चढून स्वतः ठोकले. नवरा जलील तेव्हाही कुवेतला गाडी चालवत होता. फोनवर म्हणाला, "एखादा गडी बोलाव." ही म्हणाली, "गडी येईपर्यंत पाऊस थांबायचा न्हाय."

तिची स्वतःची शाळा सातवीत संपली. आठवीचा वर्ग खाडीपलीकडे होता, आणि मुलीला होडीतून पाठवायचं घरात कुणाला सुचलं नाही. भावाला पाठवायचं मात्र बरोबर सुचलं. तो राग तिने अजून सोडलेला नाही. का सोडावा?

गेल्या वर्षी जलीलच्या कंपनीने माणसं कमी केली. तो राहिला, पण अर्ध्या पगारावर. थोरली महनूर दहावीला होती, धाकटा मुआज नववीला, आणि दोघं एसटीने म्हसळ्याला क्लासला जायची. जलीलचा निरोप आला: महनूरचा क्लास बंद कर, मुआजचा राहू दे. पोरीचा एक-दोन वर्षांत निकाह होईल, तिला आता पुढे कशाला शिकवायचं?

नसीबाने दुसऱ्या दिवशी दोघांनाही क्लासमधून काढलं. मी म्हटलं, "अगं, मुलाचा तरी राहू द्यायचास." माझ्यावरच उखडली. "एकाला ताट आणि दुसरीला उष्टं, असं माझ्या घरात न्हाय व्हायचं. शिकतील तर दोघं शिकतील."

म्हणायला ठीक, पण शिकणार कुठे? घर एका खोलीचं. त्यात सासऱ्यांचा खोकला आणि टीव्ही, दोन्ही दिवसभर चालू. आणि समोर आमच्या जमातीचा कार्याचा हॉल, जमातखाना, लग्नाचे दिवस सोडले तर वर्षभर कुलपात. पंखे, ट्यूबलाइट, चटया, सगळं आत धूळ खात पडलेलं.

जमातखान्याची आमच्याकडे एक जुनी रीत आहे. मागच्या चुलीवर ज्या घराची देग, म्हणजे कार्याच्या जेवणाचं मोठं पातेलं, चढली, ती उतरेपर्यंत जमातखाना त्या घराचा. वीज, पाणी, भांडी, कशाला कुणी पैसे मागायचे नाहीत. आणि दुसऱ्याची चढलेली देग परक्याने उतरवायची नाही. कार्य मोडल्याचं पाप लागतं म्हणतात. लग्न असो, बाळाचे पहिले केस काढायचा अकीका असो, गरीब-श्रीमंत सगळ्यांना हीच रीत.

एका संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर नसीबाने चावी मागून आणली आणि सगळ्यात लहान देग चुलीवर चढवली. गावाला वाटलं, महनूरचं ठरलं. बाया विचारायला धावल्या. आत बघतात तर गावातली पोरं चटयांवर वह्या उघडून बसलेली आणि देगेत साधी खिचडी.

येणाऱ्या पोराने मूठभर तांदूळ किंवा डाळ आणायची, एवढीच फी. हफ्सा नावाची गावातलीच मुलगी म्हसळ्याला कॉलेजात जाते. ती एसटीतून उतरली की थेट तिथेच यायची, दहावीवाल्यांना गणित शिकवायची आणि जेवून घरी जायची. महनूर सातवी-आठवीच्या पोरांना शिकवायची. ती पोरं त्यांच्याहून लहान पोरांना घेऊन बसायची. नसीबा मुआजचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन त्याच्याच शेजारी. "अम्मी, तुला कशाला?" तो वैतागायचा. "मला समजलं तरच तुला समजलं असं मी धरणार," ती म्हणायची, आणि त्याला उलटसुलट विचारून जेरीस आणायची. मी सुकट निवडायचं सूप घेऊन कोपऱ्यात बसायचे. मला आता पचनसंस्था पाठ आहे.

पोरं घरी गेली की चूल विझायची, पण देग काही उतरायची नाही. नसीबा ती चुलीवरच घासायची. रीत देगेची आहे, आगीबद्दल वाडवडील काही बोललेले नाहीत, हे तिचं म्हणणं. मी पोट धरून हसले होते.

मजीदचाचांना मात्र हसू आलं नाही. ते आमच्या जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, आणि त्यांच्या पुतण्याचं लग्न तोंडावर आलेलं. चार माणसं घेऊन ते भर अभ्यासात आले.

"नसीबा, कार्य कसलं हाय हे?"

"शिकायचं, चाचा."

"शिकण्याला कार्य म्हणतात काय?"

"पोराचे केस काढतो त्याला म्हणतो. मग डोकं भरतो त्याला का न्हाय?"

पोरं खुसखुसली. चाचांचं तोंड लाल झालं. "उतरव देग."

"मी न्हाय उतरवणार. तुम्ही उतरवा."

चाचांनी बरोबरच्या माणसांकडे बघितलं. ते चौघेही जमिनीकडे बघू लागले. चढलेल्या देगेला हात लावायची कुणाची छाती होईना. नसीबाने पाच ताटल्या वाढून त्यांच्यापुढे ठेवल्या. "आलाच हाय तर जेवून जा."

त्यांनी ताटलीकडे ढुंकूनही बघितलं नाही. खिशातून फोन काढला, कुवेतला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला. "जलील, तुझी बायको कुणाला जुमानत न्हाय. तू सांग तिला."

जलीलने सगळं ऐकून घेतलं. त्याचा आवाज थकलेला होता. "नसीबा, देग उतरव. गावात माझी अब्रू घालवू नकोस. पोरीचं शिक्षण पुरे झालं, मी सांगितलं होतं ना तुला?"

सूप माझ्या हातातच राहिलं. मला वाटलं, संपलं. नवऱ्याचा शब्द अख्ख्या जमातीसमोर पडल्यावर आमच्या गावात कुठली बाई उभी राहिली आहे?

नसीबाने चाचांच्या हातातून फोन घेतला. "ऐकलं मी. पण हे मी तिला सांगणार न्हाय. माझी शाळा बंद, हे माझ्या बाने मला स्वतः कधी सांगितलं न्हाय, आईकडून निरोप धाडला. तुमची पोर इथेच बसलीय. तिला तुम्ही सांगा." आणि तिने फोन महनूरपुढे धरला.

महनूर उठून उभी राहिली. तिने फोन हातात घेतला. "अब्बा, बोला. मी ऐकतेय."

पलीकडून काहीच येईना. मजीदचाचा म्हणाले, "बोल की रे, जलील." गाड्यांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते.

"अब्बा?"

"जेवलीस का गं?" जलीलने विचारलं.

"अजून न्हाय," महनूर म्हणाली. "दोन गणितं राहिलीत."

"बरं," तो म्हणाला. "मग ती कर आधी."

महनूरने फोन मजीदचाचांच्या हातात दिला आणि आपल्या वहीपाशी जाऊन बसली.