देवाच्या कोपऱ्यातली खुर्ची

धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी पत्रकं वाटत मी मारेगावजवळच्या एका घरात शिरलो. घरधन्यानं पूजा सोडण्याची शपथ घेऊन देव नदीत सोडले होते आणि त्यांच्या कोपऱ्यात नवी खुर्ची मांडली होती. पण त्याची म्हातारी माय सवयीनं खुर्चीलाच हात जोडायची. त्यानं माझ्यादेखत खुर्ची दाराशी नेली, मग चुलीपाशी; माय हात जोडून मागोमाग.

"शपथ मोडून राह्यली तू! बसाची चीज हाय हे, माय!"

"मंग बसत काहून नाही कोनी?"

पाटलापुढे जन्मभर भुईवर बसलेला तो माणूस स्वतःची खुर्ची रोज नुसती पुसत होता. अखेर डोळे मिटून त्यानं बूड टेकवलं. मायनं त्याला नीट पाहून घेतलं आणि हात न जोडताच ती चूल फुंकायला वळली.