दोन सुयांचा टाका

लग्नानंतर आम्ही सणसवाडीत खोली घेतली. नवरा कारखान्यात शिफ्टला जायचा आणि मी दिवसभर त्या पत्र्याच्या चाळीत. शेजारच्या खोलीत कानपूरची एक भाभी राहायची. बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं आणि नळावर भांडायला सगळ्यांच्या पुढं. पहिले काही महिने मी तिला जरा दबकूनच होते.

एका दुपारी काहीतरी विचारायला तिच्या दारात गेले, तर ती उंबऱ्यावर बसून नवऱ्याच्या बॅगेचा चामडी पट्टा शिवत होती. गुडघ्यांत लाकडी फळ्यांचा चिमटा, चिमट्यात पट्टा आणि दोन्ही हातांत एकेक सुई. दोरा एकच, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. एक डावीकडून यायची, एक उजवीकडून. एकाच भोकातून एकमेकींना ओलांडून जायच्या. मग तिचे दोन्ही हात बाजूला फाकायचे आणि टाका करकचून बसायचा. मी शिवणाचा क्लास केलेला, आंदणात मशीन आणलेलं. पण असला टाका कधी बघितला नव्हता. काय विचारायला आले होते ते विसरले आणि तिच्यासमोर फरशीवर बसले.

ती म्हणाली, "मशीन का एक टाँका टूटा तो सब खुलता जाता है. इसमें एक धागा टूटे, तो दूसरा पकड़े रहता है."

तिचे वडील कानपुरात घोड्यांची खोगिरं बनवायचे. लहानपणी घरी बसून दोऱ्याला मेण लावणं हे तिचं काम. पुढं बापाला मुलगा नाही म्हणून सगळंच तिच्या हातात आलं. लग्न होऊन निघाली तेव्हा तिनं भांड्यांच्या बरोबर अवजारांचा एक पत्र्याचा डबा आणला होता. तो तिनं माझ्यासमोर उघडला. चामडं कापायची आणि तासायची रुंद पात्याची रापी, भोकं पाडायची आरी, दातेरी काटा, बोथट झालेली लाकडी दांडी. मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघितली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्याबरोबर मी तिच्या दारात हजर.

सुरुवातीला मी चामड्याचे बरेच तुकडे वाया घालवले. कड पातळ करायला रापी तिरकी चालवायची असते. माझी आरपार जायची. भाभी खो खो हसायची आणि दुसरा तुकडा पुढं सरकवायची. जवळच्या एका वर्कशॉपमध्ये हातमोजे शिवायचे, तिथली कात्रणं नवरा पिशवी भरून आणायचा. ती कात्रणं मऊ, रसायनावर कमावलेली. पण भाभीच्या डब्याच्या तळाशी एक जाड, बदामी रंगाचा तुकडा होता, झाडाच्या सालीवर कमावलेला. तिनं तो पाण्यात बुडवला, पुसला आणि म्हणाली, आता यावर काहीही दाब. मी पायातलं जोडवं काढलं, त्याची फुलाची बाजू चामड्यावर ठेवली आणि वर हातोडी मारली. जोडवं उचललं, तर खाली तसंच्या तसं फूल. पाकळीन् पाकळी. वाळल्यावरही ते गेलं नाही. संध्याकाळी नवरा कामावरून आला, तर चप्पल काढायच्या आत मी तो तुकडा त्याच्या नाकासमोर धरला. त्या तुकड्याचं मी त्याच्या नव्या मोबाइलला कमरेचं पाकीट शिवलं. कारखान्यातल्या लोकांनी कुठून घेतलं म्हणून विचारलं, हे तो जेवताना दोनदा सांगत होता.

मग फाल्गुनात आम्ही कवठे येमाईला सासरी गेलो. आमचं घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. सासऱ्यांच्या तरुणपणी जमीन घेऊन स्थिर झालेलं. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. मेंढरं गेली तरी आबांनी घोडी ठेवली होती. आमच्याकडं यात्रेला घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, बैलगाडे पळतात आणि बैलांच्या पुढं घोडीवरचा स्वार पळतो. आबांची घोडी त्यासाठी पंचक्रोशीत मागणीत. पण मी गोठ्यात गेले तेव्हा तिच्या तोंडावर नायलॉनची दोरी गुंडाळलेली होती. जुना लगाम कुजून तुटला होता, आणि त्या दोरीनं गालाला जखम झाली होती. हात नेला की घोडी मान उडवायची.

मी जेवणं वाढता वाढता बोलून गेले की लगाम मी शिवते.

सासूबाईंचा हात परातीत तसाच थांबला. त्या म्हणाल्या, "आपल्यात कातड्याचं काम बाया करत्यात व्हय? लोक काय म्हंत्याल?"

नवरा ताटात बघत राहिला. आबांनी भाकरी संपवली, हात धुतला आणि मग सासूबाईंना म्हणाले, "मेंढरामागं रानात व्हतो, तवा वहाण तुटली तर कोन शिवायचं? आपुनच की. तुझ्या आईनंबी शिवल्यात." सासूबाई पुन्हा पीठ मळायला लागल्या. माझ्याकडं वळून आबा म्हणाले, "यात्रंच्या आधी आण. घोडीला पटलं तर ठिवू."

मला आनंदानं झोप लागेना. पण लगाम नेमका कसा कापतात हे भाभीलाही नीट आठवत नव्हतं; तिच्या बापाचं काम खोगिराचं. मी माहेरी यवतला गेले आणि धाकट्या भावाला घेऊन तिथून दौंडला. दौंडच्या स्टेशनाबाहेर तेव्हा अजून टांगे उभे असायचे. एका म्हाताऱ्या टांगेवाल्याला मी सांगितलं की मला तुमच्या घोड्याचा लगाम बघायचाय. त्याला वाटलं घरी जायला उशीर होतोय म्हणून मी टांगा मागतेय. समजल्यावर त्यानं स्वतःच लगाम उतरवून माझ्या हातात दिला. कपाळपट्टी, गालपट्ट्या, हनुवटीखालचा पट्टा आणि तोंडातली लोखंडी सळई, म्हणजे कडियाळं, ते कुठं अडकवतात, बकल कुठल्या बाजूला येतं, सगळं मी वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं आखलं. भोवती माणसं जमली. भाऊ लाजून लांब जाऊन उभा राहिला. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. तिथल्याच बाजारात चपलावाल्यांना चामडं विकणाऱ्या दुकानातून सालीवर कमावलेलं जाड चामडं घेतलं. बसमध्ये मी त्या गुंडाळीचा वास घेत बसले होते.

पुढच्या दुपारी चाळीच्या ओट्यावर आमचा कारखानाच सुरू झाला. भाभीनं पट्ट्या कापल्या, कारण लांब सरळ काप माझ्या हातून जमत नव्हता. कडा मी तासल्या, ओल्या केल्या आणि लाकडी दांडीनं घासल्या. घासता घासता खरबरीत कड अशी गुळगुळीत आणि चकचकीत होते, की थांबवत नाही. मग दातेरी काट्यानं टाक्यांच्या खुणा, आरीनं भोकं आणि दोन सुया. मेणाच्या दोऱ्यानं करंगळीला चिरा पडल्या, त्यावर हळद लावून मी शिवत राहिले. एक गालपट्टी पूर्ण झाल्यावर भाभीनं ती उलटी केली, निरखली आणि रापीनं सगळे टाके सटासट कापले. टाके कडेच्या फार जवळ आले होते, घोडीनं झटका दिला असता तर चामडंच फाटलं असतं. मला रडू आलं, रागही आला. ती पट्टी मी पुन्हा कापून पुन्हा शिवली. सासरहून आणलेली जुन्या लगामाची पितळी बकलं आणि कडियाळं चिंचेनं घासून बसवली, एरंडेल कोमट करून सगळ्याला चोळलं. गालाशी येणाऱ्या भागाला आतून हातमोज्यांच्या कात्रणांचं मऊ अस्तर लावलं. ही कल्पना माझी होती आणि भाभीनं त्यावर मान डोलवली.

यात्रेच्या आदल्या दिवशी आबांनी तो लगाम घोडीला घातला. घोडीनं कान हलवले, कडियाळं चावून बघितलं आणि मान खाली घालून चारा खायला लागली. आबा म्हणाले, "पटलं तिला."

दुसऱ्या दिवशी घाटात हीऽऽ गर्दी. आबांचा पुतण्या स्वार. आमच्या बारीचं, म्हणजे आमच्या फेरीचं, नाव पुकारलं आणि मी गर्दीतून वाट काढत पुढं गेले. घोडी सुटली, मागं बैल सुटले, धुरळ्यात भंडारा उधळला गेला. घोडी मान न उडवता सरळ रेषेत पळत होती. एवढ्यात वरच्या टोकाला लोक शेवटच्या निशाणाच्या आत घुसले, बारी बघायला. पोरंबाळंही होती. पुतण्यानं सगळं अंग मागं टाकून लगाम खेचला. मी डोळे मिटले नाहीत. मला ती गालपट्टी बघायची होती. घोडी मागच्या पायांवर बसल्यागत झाली, आडवी वळली आणि गर्दीच्या हातभर अलीकडं थांबली. मागून बैल बाजूनं निघून गेले. कुणाला साधं खरचटलंही नाही.

मी धावत वर गेले. आबा माझ्या आधी पोचले होते. त्यांनी घोडीच्या गालावरून हात फिरवला, मग पट्टीवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एकही टाका उसवला नव्हता. भोवतीच्या लोकांना ते म्हणाले, "आमच्या सूनबाईनं शिवलाय." सासूबाई मागं उभ्या होत्या. संध्याकाळी त्यांनी मला हळूच विचारलं की चष्म्याला एखादं घर शिवता येईल का.

निघायच्या वेळी आबांनी माळ्यावरून एक खोगीर काढून माझ्यापुढं ठेवलं. उंदरांनी कुरतडलेलं, पोट फाटलेलं, आतला काथ्या बाहेर आलेला. म्हणाले, "ह्ये जमल का?"

मला नाही जमणार हे मला माहीत होतं. कुणाला जमेल तेही माहीत होतं. मी ते पोत्यात घालून एसटीत मांडीवर घेतलं. कंडक्टरनं आत काय आहे म्हणून विचारलं, तर मी पोतं उघडून दाखवलं आणि शिक्रापूर येईपर्यंत त्याला लगामाची सगळी गोष्ट सांगितली.

चाळीत पोचल्यावर स्वतःच्या खोलीचं कुलूप न उघडता मी आधी शेजारी गेले. भाभी तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "सिलाई खुली तो नहीं?" मी नाही म्हटलं आणि पोतं तिच्यापुढं रिकामं केलं. तिनं तांदळाचं सूप बाजूला सारलं. खोगीर आडवं केलं, उभं केलं, खालून हात घालून लाकडी सांगाडा चाचपला. मग तिनं डबा ओढला, रापी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तू खोल. मैं बताती हूँ."

मी पहिला जुना टाका कापला.