जिनपुऱ्यातली तिसरी खोली

किस्से म्हणजे जिनातल्या रुईच्या धुळीसारखे असतात. सकाळी झाडून काढा, दुपारपर्यंत पुन्हा बोटभर जमा. आमच्या म्युझियममध्ये तर मी धूळही झाडते आणि किस्सेही गोळा करते, म्हणून दोन्हींचा हिशोब माझ्याचकडे.

चिखलीला लागून आमचा जिनपुरा. कापसातली सरकी काढायचं जिन चालू होतं तेव्हा कोणी तेलंगणातून आलं, कोणी जालन्याकडून, कोणी थेट यूपीतून. जिन बंद पडलं, माणसं पांगली. मग एका समितीने कामगारांच्या ओळीतल्या तीन खोल्या जशाच्या तशा ठेवून म्युझियम केलं. मी चौथी पास, नाव लीला. कागदावर झाडूवाली. पण कुलूप उघडायचं, तिकीट फाडायचं आणि आलेल्याला माहिती सांगायची, हे सगळं मीच करते.

पहिल्या खोलीच्या दारावर लिहिलंय, 'यादय्या, गाठी बांधणारे'. दुसरीवर 'रामसुरत, मिस्त्री'. तिसरीवर काय, तर 'अनामिक कामगाराची खोली'!

अनामिक कशाची डोंबलाची! रुखमाबाईची खोली ती. वीस वर्षं तिच्या मांडीला मांडी लावून मी कापूस निवडला. समितीचे अध्यक्ष रिटायर प्राध्यापक आहेत, आम्ही त्यांना सर म्हणतो. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "लीलाबाई, खोल्या पुरुषांच्या नावावर असायच्या. या खोलीचा रकाना रजिस्टरात कोरा आहे."

"नवरा पळून गेला सर तिचा. कोरा नाही राहणार तर काय?"

"आठवण म्हणजे पुरावा नसतो. महिनाभरात पितळी पाट्या ठोकायच्या आहेत. तोवर पुरावा आणा, नाहीतर अनामिकच."

पितळेत एकदा कोरलं की कोण बदलतं? रुखमाबाई लेकीकडे धामणगाव बढ्याला असते एवढं ऐकून होते. त्या बाजूच्या जीपवाल्याजवळ निरोप धाडला. मग दुसरा. मग तिसरा.

\*

तिसऱ्या खोलीत कामगार बाईची बाहुली बसवायला पुण्याहून एक डिझायनर आला. बाहुली माणसाएवढी. हिरवं नऊवारी, अंबाड्यात गजरा आणि नाकात ही एवढी नथ!

मी म्हटलं, "हे लग्नाले चालली का जिनात?"

"ताई, बघणाऱ्याला मराठी बाई वाटली पाहिजे ना."

"जिनात रुई उडते भाऊ. बाई नाकातोंडाले फडकं बांधते. नथ दिसन कुठून?"

तो हसला नि जेवायला गेला. मी नथ काढली, गजरा काढला, जुन्या लुगड्याचं फडकं डोळ्यांपर्यंत करकचून बांधलं. परत आला तो ओरडलाच, "अहो, चेहरा दिसत नाहीये तिचा!"

"आमचा बी दिसत नव्हता."

बाहुली अजून तशीच आहे.

\*

पहिल्या खोलीत एकच बाज आहे. यादय्या दिवसपाळीला आणि दुसरा एक यूपीचा गडी रातपाळीला. बाज एक, माणसं दोन.

कॉलेजच्या एका पोरीने विचारलं, "मग ते भेटायचे कधी?"

मी म्हटलं, "भेटतच नव्हते. बाज गरम लागली की समजायचं, आत्ताच उठून गेला."

बारा वर्षं अशी काढली दोघांनी. मग जिनात संप झाला. दोघंही एकाच वेळी घरी. समोरासमोर बसले, विडी पेटवली आणि तेव्हा कळलं की एकाला हिंदी येत नाही नि दुसऱ्याला तेलगू!

\*

दारावर पाटी आहे, 'पादत्राणे काढण्याची आवश्यकता नाही'. सरांनी लावली. तरी खेड्यावरचं माणूस आलं की चपला बाहेर. आत चूल आहे ना! चुलीपाशी चपला घालून कोण जातं?

सुलतानपूरच्या शाळेची सहल आली. चाळीस लेकरं, ऐंशी चपला. उंबऱ्याबाहेर नुसता ढीग. तेवढ्यात सर पाहुण्यांना घेऊन बूट घालूनच आत शिरले. ते नेहमीच तसे येतात. मी एकदा टोकलं होतं, तर म्हणाले, "लीलाबाई, हे घर नाही, म्युझियम आहे."

एक दुसरीतली पोर त्या बुटांकडे बघत राहिली. मग तिच्या बाईंचा पदर ओढून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई, यांच्या घरी चूल नाही काय?"

पाहुणे हसले. सर नाही हसले. बूटही नाही काढले.

\*

एक कार आली. नवरा-बायको, दोघंही नीटनेटके. बाई तिसऱ्या खोलीतल्या जात्याभोवती फिरल्या. "किती क्यूट! हे विकता का? वर काच टाकली की मस्त टीपॉय होईल."

मी म्हटलं, "विकत कायले? पायलीभर दळून दाखवा न फुकट घेऊन जा."

बाई हौशीने बसल्या. खुंटा धरला, एक फेरा दिला, दुसरा अर्ध्यात अडकला. "अहो, जरा हात लावा ना!"

नवरा बाह्या सारत पुढे आला. मी आडवी आले. "थांबा साहेब! जात्याले गडीमाणसाचा हात लागत नाही आमच्यात."

सर तिथेच होते. लगेच वही काढली. "इंटरेस्टिंग! यामागचं कारण काय, लीलाबाई?"

"कारण काय मले माहीत नाही सर. पण आमच्या आख्ख्या ओळीत एकाही माणसानं कधी जातं जागचं हलवलं नाही. एकडाव हात लावला तर रोज दळाले बसवतीन, असं भेव असन!"

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. खरंच!

\*

जात्याशेजारी पत्र्याची पेटी आहे. तिला अस्सल जुनं कुलूप. खाली चिठ्ठी, 'चावी उपलब्ध नाही'. चाव्या बनवणारा म्हणाला दोन मिनिटांत तोडतो, पण सर म्हणाले, वारसा आहे, ओरखडा उठता कामा नये.

लोक अंदाज करतात. कोणी म्हणतं सोनं, कोणी म्हणतं साप. एक म्हातारेबुवा म्हणाले, "काही नसन व. भरलेली पेटी टाकून कोणती बाई जाते?"

मला राग आला. "टाकून नव्हती गेली बाबा रुखमाबाई. लेकीच्या बाळंतपणाले गेली होती, आठ दिवसांसाठी. मांगं जिनाले टाळं लागलं, कंपाउंडाच्या आत कोणाले येऊ देईनात. ते कुठून येईन?"

बुवांनी मान हलवली. जाताना पेटीला हात लावून पाया पडले. तिथेही चिठ्ठी आहे, 'हात लावू नये'. मी झाडू घेऊन दुसऱ्या खोलीत गेले.

\*

पाट्या आल्या. तीनही. तिसरीवर चकचकीत कोरलेलं, 'अनामिक'. सुतार पहिल्या दाराशी ठोकठोक करत होता. सर तिसऱ्या खोलीत उभे राहून बाहुलीकडे बघत होते. मी बाहेर झाडत होते. खरं सांगते, त्या दिवशी झाडूचा आवाज मीच मुद्दाम मोठा करत होते.

फाटकाशी जीप थांबली. लेकीचा हात धरून एक म्हातारी उतरली. पाठ वाकलेली, पण चाल तीच. मी झाडू टाकून धावले.

"काय व लीला, तीन-तीन निरोप! मेली का काय मी असं वाटलं मले!"

आम्ही दोघी रडलो नाही. वेळ नव्हता. मी तिला तडक तिसऱ्या खोलीवर आणलं. तिने चपला बाहेर काढल्या. उंबऱ्याला हात लावला. आत येऊन पहिले बाहुलीकडे पाहिलं.

"हे कोण व?"

"तूच हाय माय."

तिने बाहुलीला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "फडकं बराबर बांधलं."

मी म्हटलं, "सर, ह्या रुखमाबाई."

सर तसे चांगले आहेत. हात जोडले, आवाज मऊ केला. "बसा आजी. नाराज होऊ नका, पण मला समितीला उत्तर द्यावं लागतं. ही खोली तुमचीच होती, याचा काही पुरावा आहे का? कागद, पावती, काहीही."

रुखमाबाईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती जात्यापाशी जाऊन उकिडवी बसली. पदर खोचला.

"लीला, हात लाव."

सर मदतीला पुढे झाले. मग त्यांना काय आठवलं कोण जाणे, हात मागे घेतला.

दोघींनी जोर लावून जातं एका अंगाला कलतं केलं. खाली जमिनीत वाटीएवढा खळगा. तिने न बघता हात घातला आणि फडक्याची पुरचुंडी काढली. सोडली. आत काळ्या दोऱ्यात ओवलेली चावी.

मी रोज त्या जात्याभोवती झाडत होते. रोज!

कुलूप थोडं कुरकुरलं, मग उघडलं. तिने झाकण वर केलं. सरांनी चष्मा सारखा केला आणि पुढे येऊन वाकले. रुखमाबाईने पेटीत एकदाच पाहिलं आणि झाकण बंद केलं.

मग तिची नजर सरांच्या पायांवर गेली.

"भाऊ," ती म्हणाली, "बूट बाहेर काढा. चूल हाय इथं."

सर बाहेर गेले. उंबऱ्याबाहेर खाली बसले आणि लेस सोडायला लागले. एका लेसची गाठ बसली होती, तिला वेळ लागला.

सुतार तिसरी पाटी काखेत मारून आला. "सर, हे ठोकू का आता?"

सरांनी त्याला हातानेच थांबवलं. दोन्ही बूट हातात धरून ते उभे राहिले आणि आत बघून म्हणाले,

"येऊ का आत, रुखमाबाई?"